आठ हजार पौंड आणि तेरा वर्षं: टॉवर खाणीचं प्रकरण

भरपाईचा चेक हातात पडला की कामगार काय करतो, हे गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा. घराची डागडुजी, मुलीचं लग्न, गावाकडचं देणं, फार तर एखादी टॅक्सी. दोन वर्षांत पैसा कुठे गेला ते त्यालाही सांगता येत नाही. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतून 1985 नंतर एकेक खाण बंद होत गेली, तेव्हा तिथल्या घरांतही जवळपास हेच झालं. टॉवर नावाच्या एका खाणीत मात्र 239 जणांनी भरपाईतून प्रत्येकी 8,000 पौंड बाजूला काढले आणि जिथून त्यांना घरी पाठवलं होतं तीच खाण विकत घेतली.

हे प्रकरण सांगणारे बहुतेक जण खाण पुन्हा उघडल्याच्या दिवसापाशी, बँड आणि झेंड्यापाशी थांबतात. मला त्याच्या आधीचे आठ महिने आणि नंतरची तेरा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, म्हणून लेखाचा भर तिथे आहे. खाण, गावं आणि जाहीर जीवनातली माणसं यांची नावं खरी आहेत. बाकी कामगारांचा उल्लेख फक्त कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

कनन नदीचं खोरं कार्डिफच्या उत्तरेला आहे. खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, अ‍ॅबरडेअर शहराच्या पुढे हिर्वाइन आणि रिगॉस ही गावं लागतात. हिर्वाइन या वेल्श नावाचा अर्थ लांबलचक माळ. अठराव्या शतकापासून या माळावर लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि पुढे त्या क्रॉशे घराण्याकडे आल्या. शेजारच्या मर्थरमध्ये 1831 साली कामगारांचा उठाव झाला. त्या वेळी हिर्वाइनच्या माळावर वासराच्या रक्तात बुडवलेलं फडकं उंचावलं गेलं आणि कामगारांचं लाल निशाण तिथूनच सुरू झालं, असं त्या भागात अभिमानाने सांगतात. 1848 मध्ये क्रॉशेने याच डोंगरावर हौसेखातर एक गोल मनोरा बांधला. 1864 मध्ये जवळच उतरता बोगदा खणून कोळसा काढायला सुरुवात झाली आणि त्या खाणीला मनोऱ्यावरून ‘टॉवर’ नाव पडलं. मालकाच्या मनोऱ्याचं नाव घेऊन जगलेली खाण एकशे तीस वर्षांनी कामगारांच्या मालकीची झाली. कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता तर आपण त्याला हसलो असतो.

या खोऱ्यांतला कोळसा बॉयलरसाठी नामांकित होता. धूर कमी, उष्णता भरपूर. इंग्रजांचं आरमार त्यावर चालायचं, जगभरच्या बंदरांत त्याचे साठे असायचे. बंगालचा कोळसा पुरेसा मिळू लागेपर्यंत मुंबईच्या गोदीतही विलायती कोळसा उतरायचा आणि त्यात वेल्सचा मान मोठा. 1913 मध्ये दक्षिण वेल्सने सुमारे 5 कोटी 70 लाख टन कोळसा काढला. 1920 मध्ये तिथल्या खाणकामगारांची संख्या 2 लाख 70 हजारांच्या वर होती. खोरं इतकं अरुंद की नदी, रेल्वे आणि रस्ता यांतून उरलेल्या उतारावर घरांच्या चाळीसारख्या रांगा एकावर एक चढत गेलेल्या. रांगेच्या एका टोकाला चॅपल आणि दुसऱ्या टोकाला खाणीचं चाक. दुसरा रोजगार जवळजवळ नव्हताच.

1 जानेवारी 1947 ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. त्या दिवशी प्रत्येक खाणीच्या दारात पाटी लागली: ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवत आहे. या पाटीतले ‘वतीने’ आणि ‘चालवत आहे’ हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

मार्च 1984 ते मार्च 1985 या काळात ब्रिटनमध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप झाला. आपल्याकडे गिरण्यांचा संप जानेवारी 1982 मध्ये सुरू झाला आणि कधी मिटलाच नाही. तिकडचा मिटला, तोही कुठल्याच कराराशिवाय. दक्षिण वेल्सचे लोक सर्वांत चिवट निघाले. शेवटच्या आठवड्यातही तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त कामगार संपावर होते. 5 मार्च 1985 ला ते बँड लावून, झेंडे घेऊन, हरलेले पण ताठ मानेने कामावर परतले. डोंगरापलीकडच्या रॉन्दा खोऱ्यातल्या मार्डी गावाच्या मोर्चाची छायाचित्रं तेव्हा जगभर छापली गेली. 1986 मध्ये मार्डीची खाण जमिनीखालून टॉवरला जोडली आणि मार्डीचा कोळसा टॉवरमधून वर यायला लागला. डिसेंबर 1990 मध्ये मार्डी बंद पडली. रॉन्दा खोऱ्यातली ती शेवटची खाण होती.

पेच

ऑक्टोबर 1992 मध्ये सरकारने एका फटक्यात 31 खाणी बंद करून सुमारे 30,000 माणसं कमी करण्याची घोषणा केली. मंत्री होते मायकेल हेसेल्टाइन. वीजमंडळाचं खासगीकरण झालेलं, नवी वीजकेंद्रं गॅसवर उभी राहत होती, परदेशी कोळसा बंदरात स्वस्त पडत होता. 1994 पर्यंत दक्षिण वेल्समध्ये ब्रिटिश कोलची एकच खोल खाण उरली, टॉवर. (राष्ट्रीय कोळसा मंडळाचं नाव तोवर ब्रिटिश कोल झालं होतं.) त्या एप्रिलमध्ये तिलाही नोटीस आली. कारण एका शब्दाचं: परवडत नाही.

या ‘परवडत नाही’वर जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. एखादी खाण परवडते की नाही हे दोन प्रकारे मोजता येतं. एक हिशेब फक्त त्या खाणीचा: मजुरी, वीज, टेकू, पट्टे, पंप, वाहतूक, आणि समोर कोळशाची विक्री. दुसरा हिशेब मंडळाचा. त्यात मुख्यालयाचा खर्च, बंद पडलेल्या खाणींची देणी, जुनी कर्जं हे सगळं चालू खाणींच्या टनामागे वाटलं जातं. खाणी जितक्या कमी उरतील तितका एकेका खाणीच्या डोक्यावरचा बोजा वाढतो. आजारी सहकारी कारखान्यांचे ताळेबंद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे नवं नाही. टॉवरच्या कामगारांचं म्हणणं असं की आमचा कोळसा तोट्यात नाही, तुमचं मंडळ तोट्यात आहे. मंडळाचं उत्तर होतं की कोळसा विकायचा कुणाला ते सांगा. खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

नोटिशीसोबत अटीही आल्या. कामगारांनी बंदला लवकर मान्यता दिली तर भरपाई चांगली. पुनर्विचाराची लांबलचक प्रक्रिया मागितली तर वाढीव भरपाई हातची जाण्याची भीती. खोऱ्याच्या खासदार अ‍ॅन क्लुइड खाणीत उतरल्या आणि 27 तास खाली ठाण मांडून बसल्या. बातम्या झाल्या, मंडळ मात्र हललं नाही. शेवटी कामगारांनी मतदानाने बंद मान्य केला आणि 22 एप्रिल 1994 ला खाण बंद झाली.

पर्याय

समोर चार वाटा होत्या. कागदावर त्या सारख्या वजनाच्या दिसतात, पण खाणीत उतरणाऱ्याच्या दृष्टीने तशा नव्हत्या.

पहिली वाट प्रक्रियेने लढण्याची. नऊ वर्षांपूर्वी वर्षभराचा संप हरलेल्या माणसांना तिची किंमत पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. शिवाय प्रक्रियेत हरलं तर नोकरीही जाणार आणि जादा रक्कमही.

दुसरी वाट पैसे घेऊन घरी जाण्याची. भरपाई नोकरीच्या वर्षांवर ठरत होती. पंचवीस वर्षं काम केलेल्या इलेक्ट्रिशियनला ती बरी पडत होती, पाच वर्षांच्या पोराला अगदीच थोडी. म्हणजे ज्याच्यापुढे आयुष्य जास्त त्याच्या हातात पैसा कमी. खाली अ‍ॅबरडेअरमध्ये नोकऱ्या होत्या, पण त्या खाणीच्या पगाराच्या निम्म्या तोलाच्याही नव्हत्या, असं जुने लोक सांगतात.

तिसरी वाट खासगी खरेदीदाराची वाट पाहण्याची. ब्रिटिश कोलचं खासगीकरण ठरलेलंच होतं आणि त्या वर्षाअखेर इंग्लंडमधल्या बहुतेक खाणी एकाच कंपनीने घेतल्या. टॉवरही कुणी घेतली असती. पण मग माणसं किती ठेवायची, पगार काय द्यायचा आणि युनियनला दारात उभं करायचं की नाही, हे सगळं नवा मालक ठरवणार.

चौथी वाट स्वतः घेण्याची. ही कल्पना ऐकताच आज आपण टाळ्या वाजवतो. त्या उन्हाळ्यात ती डोकं असलेल्या माणसाला घाबरवणारी होती. एडिनबरोजवळच्या मॉन्कटनहॉल खाणीत कामगारांनी 1992 मध्ये प्रत्येकी 10,000 पौंड घालून हाच प्रयोग केला होता. पुढे तो पैशांच्या अडचणीत सापडला आणि 1997 मध्ये ती खाणही बंद झाली. आपल्याकडे कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा ताबा 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेला होता. तिची पुढची वाटचालही सोपी गेली नाही. म्हणजे कामगारांनी कारखाना घेणं ही जगात पहिली गोष्ट नव्हती. घेतलेला टिकवणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

चौथ्या वाटेवर आणखी एक अडचण होती आणि तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. बंद गिरणीला कुलूप लावून ठेवता येतं. खाणीला नाही. टॉवरमध्ये लाँगवॉल पद्धतीने कोळसा निघायचा. लांब सरळ फेसवर, म्हणजे कोळशाच्या उघड्या भिंतीवर, यंत्र इकडून तिकडे फिरत कोळसा छिलतं, पोलादी हायड्रॉलिक टेकू छत तोलतात. यंत्र पुढे गेलं की टेकूही पुढे सरकतात आणि मागे सोडलेलं छत कोसळू दिलं जातं. त्या पोकळीला आपल्या वणी-चंद्रपूरकडच्या खदानीतले लोक ‘गोफ’ म्हणतात. फेस चालता असेल तर दाब पुढे सरकत राहतो. फेस थांबला की सगळा डोंगर त्याच टेकूंवर बसायला लागतो. पंप थांबले तर पाणी चढतं, पंखे थांबले तर मिथेन साठतो. त्यामुळे 22 एप्रिलनंतर खाणीची देखभाल चालू राहणं ही सगळ्या बेताची पहिली अट होती. पंप बंद पडले असते तर बाकीच्या वाटाघाटींना काही अर्थ उरला नसता.

काय केलं

युनियनच्या शाखेला तिकडे ‘लॉज’ म्हणतात. टॉवर लॉजचे सचिव टायरोन ओ’सलिव्हन पेशाने खाणीतले इलेक्ट्रिशियन होते. 12 एप्रिल 1962 ला टॉवरमध्ये स्फोट होऊन नऊ कामगार मेले. पुढच्याच वर्षी ओ’सलिव्हन यांचे वडील याच खाणीत अपघातात गेले. ही खाण घ्यायची असं हा माणूस म्हणत होता, तेव्हा ती काय घेते हेही त्याला ठाऊक होतं.

कामगारांच्या खरेदीगटाने घेतलेल्या निर्णयांपैकी तीन मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला रकमेबद्दलचा. प्रत्येकाने 8,000 पौंड घालायचे. जास्त नाही, कमी नाही. फेसवर काम करणारा असो की वर्कशॉपमधला, वाटा सारखा आणि मतही सारखं. 239 जणांचे मिळून 19 लाख 12 हजार पौंड झाले. खाण घेऊन चालवायला एवढे पुरणार नव्हते, बाकी कर्ज काढावं लागलं. पण बँकेसमोर बसताना ही रक्कम फार बोलकी होती. नोकरी गेलेल्या माणसाने आपल्या शेवटच्या मोठ्या रकमेतला एवढा तुकडा पुढे ठेवला की सावकारालाही जरा सरसावून बसावं लागतं. समान रकमेचा तोटाही होता. लांब नोकरी झालेल्याला 8,000 म्हणजे भरपाईचा एक भाग, नव्या पोराला बरीचशी भरपाई. समानता कागदावर होती, ओझं सारखं नव्हतं. तरी मला हा निर्णय बरोबर वाटतो. ऐपतीप्रमाणे शेअर दिले असते तर पाच वर्षांत खाण वीस जणांची झाली असती. आपल्या सहकारात एक सभासद एक मत हे तत्त्व कायद्यात आहे आणि ते वाकवायला किती डोकी लागलेली असतात हे आपण बघतोच.

दुसरा निर्णय अध्यक्षपदाचा. ती खुर्ची त्यांनी फिलिप वीक्स यांना दिली. 1984-85 च्या संपात वीक्स कोळसा मंडळाच्या दक्षिण वेल्स विभागाचे संचालक होते, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. युनियनच्या माणसांनी त्यांनाच का बोलावलं? त्यांना त्या खोऱ्यांतल्या खाणी आतून माहीत होत्या, मंडळाचे आकडे वाचता येत होते आणि बँकवाले त्यांचं नाव ऐकून दार उघडणार होते. संपातल्या वागण्यामुळे त्यांच्याबद्दल कामगारांत आदरही होता. आमच्याकडे एखाद्या बंद कारखान्याच्या कामगारांनी जुन्याच जनरल मॅनेजरला अध्यक्ष केलं असतं तर पहिल्या सभेतच खुर्च्या उडाल्या असत्या. हिर्वाइनमध्ये तसं झालं नाही. हा मोठेपणा होता की निकड, हे मला ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही.

तिसरा निर्णय गिऱ्हाइकाचा. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं अ‍ॅबरथॉ वीजकेंद्र मुळात वेल्सच्या कमी वायूच्या, सावकाश पेटणाऱ्या कोळशासाठीच बांधलेलं होतं. तसा कोळसा टॉवरकडे होता. मोठं गिऱ्हाईक घराजवळ मिळालं. त्याच वेळी खाणीची मान त्या एका गिऱ्हाइकाच्या हातात गेली.

व्यवहार डिसेंबरअखेर पुरा झाला. 2 जानेवारी 1995 ला कामगार, त्यांच्या बायका-मुलं आणि शेजारीपाजारी झेंडे घेऊन रस्त्याने चालत खाणीवर गेले. दहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्येही ते असेच गेले होते. तेव्हा आत बोलावणारा मालक दुसरा होता.

मालक झाल्यावर

पहिला गोंधळ युनियनचा. खाणीत युनियन तशीच राहिली, लोक वर्गणी भरत राहिले. पण आता पगारवाढ मागायची कुणाकडे? ओ’सलिव्हन कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि पुढे अध्यक्षही झाले. काल ज्यांच्या तक्रारी घेऊन ते मॅनेजरकडे जायचे, आज त्याच तक्रारी त्यांच्या टेबलावर. बाहेरच्या काही डाव्या मंडळींना हे खटकलं: मालक झालात, आता वर्गलढ्याचं काय? मला हा प्रश्न थोडा पुस्तकी वाटतो. फेसवर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न साधा असतो: छतातून आवाज येतोय, काम थांबवायचं की नाही?

इथे कायदा कामी आला. ब्रिटनमध्ये तेव्हा शेअर कुणाकडेही असोत, खाणीला पात्रताधारक मॅनेजर लागायचाच आणि जमिनीखालच्या सुरक्षिततेत अंतिम शब्द त्याचा आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांचा असायचा. शेअरहोल्डर म्हणून सर्वसाधारण सभेत मॅनेजरला धारेवर धरणारा कामगार शिफ्टवर उतरला की त्याचंच ऐकणार. दोन भूमिका एकाच अंगावर वागवायच्या आणि खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात शिरताना एक उतरवून ठेवायची. हे लिहायला सोपं आहे. करायला किती अवघड, ते सहकारी साखर कारखान्यात कामगार आणि सभासद दोन्ही असलेल्या माणसाला विचारा. तिथं तो वजनकाट्यावर सभासद असतो आणि बोनसच्या वेळी कामगार.

दुसरा प्रश्न नफ्याचा. नफा झाला की तो वाटायचा, पगारात घालायचा की नव्या फेसची तयारी करायची? कोळशाच्या थरापर्यंत नवे बोगदे काढायला महिनोन् महिने पैसा जातो आणि त्या काळात त्यातून टनभरही विक्री होत नाही. खासगी मालक हा खर्च टाळतो तेव्हा आपण त्याला अधाशी म्हणतो. मालक-कामगारही माणूसच, त्यालाही घराचा हप्ता असतो. टॉवरने थर खणत, बोगदे काढत खाण चालवत ठेवली. ‘परवडत नाही’ म्हणून बंद केलेली खाण मालक बदलल्यावर तेरा वर्षं चालली. परवडण्याचे दोन हिशेब वर सांगितले, त्यांतला कुठला खरा होता याचं उत्तर या तेरा वर्षांत आहे.

1947 च्या पाटीकडे पुन्हा बघू. तेव्हा खाण जनतेच्या नावावर होती आणि चालवणारे दुसरे होते. 1995 नंतर ‘वतीने’ गळून पडला, कामगार स्वतःसाठी काम करू लागले. पण ‘जनता’ हा शब्दही लहान झाला. जनता म्हणजे आता ज्यांनी 8,000 पौंड घातले ते. गावातला मास्तर, दुकानदार, ज्याला पैसे घालणं जमलं नाही तो शेजारी, ही माणसं त्या शब्दात नव्हती. खाण चालली म्हणून त्यांचंही चाललं हे खरं, पण सभेत त्यांना मत नव्हतं.

निकाल

खाण सरकारी आदेशाने बंद पडली नाही की दिवाळं निघालं म्हणून नाही. घ्यायसारखा कोळसा संपला. जानेवारी 2008 मध्ये शेवटचा कोळसा वर आला आणि 25 जानेवारीला कामगारांनी पुन्हा एकदा मोर्चाने येऊन खाणीचा निरोप घेतला. दक्षिण वेल्सच्या जुन्या मोठ्या खोल खाणींचा इतिहास तिथे संपला.

नंतर त्याच जागेवर काही वर्षं उघड्या खाणीतून कोळसा काढला गेला. अ‍ॅबरथॉ वीजकेंद्र 2020 मध्ये कायमचं बंद झालं, म्हणजे थर उरला असता तरी गिऱ्हाईक गेलं असतं. 2021 पासून टॉवरच्या जागी साहसी पर्यटनाचं केंद्र आहे. लोक तिकीट काढून तारेला लटकतात आणि रिगॉसच्या डोंगरावरून वेगाने खाली येतात. ज्या उतारावर कोळशाचे ढीग होते तिथे आता हेल्मेट घातलेली शाळकरी पोरं किंचाळत असतात. तारेवरून उतरणारं हेल्मेट पाहून जुन्या कामगारांना काय वाटत असेल, असा प्रश्न मला पडतो. ओ’सलिव्हन आणि अ‍ॅन क्लुइड दोघेही 2023 मध्ये गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा वेळेचा. नोटीस एप्रिलमध्ये आली, पण चाहूल ऑक्टोबर 1992 पासून होती. त्या दीड वर्षात लॉजने खाणीचा स्वतःचा, मंडळाच्या बोजाशिवायचा ताळेबंद मांडून ठेवला असता, तर एप्रिलमधलं मतदान वेगळ्या जमिनीवर झालं असतं. भरपाईची मुदत मानेवर असताना हिशेब मांडायला बसणं म्हणजे दोर कापल्यावर गाठ मारणं. अर्थात उलटही म्हणता येईल. नोकरी असेपर्यंत 8,000 पौंड घाला म्हटलं असतं तर किती जणांनी खिशात हात घातला असता? खाण बंद झाल्यामुळेच पैसा हातात आला आणि पर्यायही तेव्हाच सुचला. आधी खरेदी करायला पैसा नव्हता, नंतर वेळ नव्हता. बंद आणि खरेदी यांच्यातले आठ महिने त्यांनी निवडलेले नव्हते. ते जसे मिळाले तसे त्यांनी वापरले.

दुसरा मुद्दा त्या तेरा वर्षांचा आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. थराला अंत आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खाण घेणं म्हणजे काही वर्षं विकत घेणं, फक्त ती किती हे माहीत नव्हतं. या वर्षांत कंपनीने कोळशाशिवाय दुसरं काही उभं करायला हवं होतं, तेही पहिल्या चार-पाच वर्षांत, नफा ताजा असताना. जागा होती, रेल्वेचा फाटा होता, वर्कशॉप होतं, यंत्रं दुरुस्त करणारे हात होते. टॉवरच्या जमिनीच्या पुनर्विकासाचं बोलणं झालं, काही झालंही, पण खाण बंद पडली तेव्हा तिच्या तोलाचा रोजगार शेजारी उभा नव्हता. हे 239 जणांवर ढकलणं बरोबर नाही, खोऱ्याच्या विकासाच्या सरकारी योजनाही होत्याच. तरी मालक ते होते. मालकाने थर संपण्याची तारीख धरून मागे मोजत यायला हवं.

यावर एक जुना कामगार काय म्हणेल याची कल्पना करता येते: आम्ही खाणकामगार आहोत, आम्ही खाण वाचवली, तुम्हाला आमच्याकडून मॉल हवा होता का? या बोलण्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही.

तिसरा मुद्दा तरुणांचा. समान रकमेमुळे खाण एका पिढीची झाली. वाटा परत घेऊन नव्या माणसाला देण्याची सोय सहकारी मालकीत कागदावर करता येते, पण ज्या धंद्याला ठरावीक आयुष्य आहे त्यात वीस वर्षांचा पोरगा पैसे का गुंतवेल? हप्त्याने शेअर, शिकाऊ उमेदवारांसाठी राखीव वाटा, असले मार्ग सुरुवातीपासून ठेवता आले असते. त्याने खाण वाचली नसती, पण यंत्रकाम आणि वीजकाम शिकलेली एक आणखी फळी 2008 मध्ये खोऱ्यात उभी असती.

आणि एक साधी बेरीज. 1994 मध्ये जो 45 वर्षांचा होता तो 2008 मध्ये 59 वर्षांचा झाला. एप्रिलमध्ये पैसे घेऊन गेला असता तर पुढची चौदा वर्षं कुठे काढली असती, हे मार्डीत 1990 नंतर काय झालं ते पाहिलेल्यांना सांगायला नको. त्याच्यापुरता 8,000 पौंडांचा हिशेब पुरा झाला. जो 1994 मध्ये 25 वर्षांचा होता तो 39 व्या वर्षी डोंगरावरून खाली येऊन अ‍ॅबरडेअरच्या रोजगार केंद्राच्या रांगेत उभा राहिला.